चाळीस अक्षरांची अपेक्षा

सुरगाण्याहून आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. तसा मी पत्रांच्या बाबतीत कसूर करणारा माणूस नाही. सगळं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. 'आपण नेलेले पुस्तक त्वरित परत करावे' अशी पत्रं मी ढिगाने लिहिली, आणि 'पुस्तक मी नेलेच नाही' अशा उत्तरांना नम्र प्रत्युत्तरंही लिहिली. पण हे पत्र मी टेबलाच्या खणात, फ्लॉप्यांच्या डबीखाली सारून ठेवलं होतं. फ्लॉपी काढायची झाली की आधी चष्मा काढायचा, म्हणजे पत्रावरचं अक्षर दिसायला नको. चष्म्याशिवाय फ्लॉपीवरचं नावही दिसत नसे, त्यामुळे त्या दिवसांत माझं बरंचसं काम भलत्याच फ्लॉपीवर गेलं.

पत्रातला मूळ प्रश्न एवढाच होता: "'पण'च्या पुढे काय होतं?"

हा प्रश्न ज्या प्रोग्रॅममुळे उभा राहिला, तो मी लिहिला होता. मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे असं म्हणताना आधी आजूबाजूला पाहावंसं वाटतं. कुणी खरा डेव्हलपर ऐकत असला तर पंचाईत. निवृत्तीनंतर घर फार शांत झालं होतं. पत्नी त्याच्या आधीच गेली होती आणि मुलगी आशा लग्न होऊन पुण्याला. म्हणून नाशिकला आमच्या इंदिरानगरमध्ये कोपऱ्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला तेव्हा मी नाव घातलं. तिथल्या ललित सरांच्या वयापेक्षा माझी छत्री जुनी होती. फॉक्सप्रो नावाची, यंत्रात याद्या ठेवायची गोष्ट त्यांनी मला शिकवली आणि परीक्षेनंतर म्हणाले, "काका, तुम्ही पास झालात, पण घाई करू नका." हा सल्ला मी पाळायला हवा होता.

सर्टिफिकेट मी कपाटात ठेवलं होतं. ते खालच्या मजल्यावरच्या लताबाईंनी बाहेर काढून बिल्डिंगभर दाखवलं. त्यानंतर लोक मला 'कॉम्प्युटरवाले नाना' म्हणू लागले आणि बंद पडलेल्या वस्तू घेऊन येऊ लागले. स्वतः लताबाई मिक्सर घेऊन आल्या. मी म्हटलं, "अहो, मी सॉफ्टवेअर करतो. हे माझं काम नव्हे."

"सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राच्या आतलं, न दिसणारं, असं तुम्हीच सांगितलं ना? मग आत बघा."

मी आत पाहिलं. मिक्सर सुरू झाला, पण एक स्क्रू उरला. तो स्क्रू मी अजून जपून ठेवला आहे. त्या मिक्सरमधून काही आवाज आला की आजही मला धस्स होतं.

अशा वातावरणात हिरामणअप्पा घरी आले. अप्पांचं टाइल्सचं दुकान आहे आणि आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचे ते अध्यक्ष. आल्या आल्या त्यांनी फरशीकडे पाहून नापसंती दर्शवली आणि मग म्हणाले, "नाना, मंडळाला कुणीतरी कॉम्प्युटर भेट दिलाय. तो आता तुमच्या हवाली. मेळाव्याला परिचय पुस्तिका काढायचीय. लय बारीक काम हाय. नावं टाकायची, बटन दाबायचं, पुस्तिका बाहेर."

बारीक काम म्हणणारा माणूस ते काम कधीच स्वतः करत नाही, हे मला ग्रंथालयात असल्यापासून ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो. नाही म्हणायला जो आवाज लागतो तो मला देवाने दिलेला नाही.

मी झटून प्रोग्रॅम लिहिला आणि मग पालकांनी भरलेले अर्ज आले. माझ्या प्रोग्रॅमला उंची आकड्यांत हवी होती. अर्जात होतं 'मध्यम'. जन्मवेळ हवी होती. अर्जात होतं 'दूधवाला नुकताच येऊन गेला होता'. रंगाच्या रकान्यात सगळा समाज निमगोरा होता. एका गृहस्थांनी 'अपेक्षा' या रकान्यात लिहिलं होतं, 'समक्ष भेटीत सांगू.' यंत्राला यातलं काहीच मान्य नव्हतं. ते प्रत्येक अर्जाला टुंग असा आवाज करून थांबायचं, आणि मी अपराध्यासारखा दूधवाल्यांच्या वेळा विचारायला पालकांना फोन करायचो.

मोठा घोळ वयामुळे झाला. जन्मतारखेवरून वय काढायचं काम मी यंत्राकडेच दिलं होतं. मला त्याचा थोडा अभिमानही होता. कच्ची यादी मंडळाच्या फळ्यावर लागली आणि दुसऱ्या दिवशी अप्पा धापा टाकत आले.

"नाना, तुमचा कॉम्प्युटर पोरींची वयं वाढवतोय."

"अप्पा, वय वाढतंच."

"आपल्यात नाय वाढत. गेल्या पुस्तिकेत जी पोरगी पंचवीसची होती ती औंदा सत्तावीसची कशी? तिचा बाप दुकानात येऊन बसलाय. जोवर जमत नाय तोवर पंचवीसच राहायची पद्धत हाय."

मी ललित सरांना विचारलं. ते म्हणाले, "काका, कालगणना थांबवण्याची कमांड फॉक्सप्रोमध्ये नाही." शेवटी समितीची बैठक होऊन असं ठरलं, की मुलींचं वय छापायचंच नाही. मुलग्यांचं छापायचं. त्यावर अप्पांनी आणखी एक बारीक बदल सुचवला: "मुलग्यांची यादी वयानं लावा. थोरले आधी. त्यांची घाई असती." हा बदल मी एका ओळीत केला. त्या एका ओळीने माझी कशी वाट लावली, ते पुढे येईलच.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रोग्रॅममध्ये असा बदल केला की तो तपासायला एखादी खोटी नोंद भरून पाहावी लागते. हुशार मुलं अशा वेळी 'अबक' वगैरे काहीही लिहितात. माझ्याच्याने ते होईना. ग्रंथालयाच्या माणसाने नोंदीत खोटं नाव लिहायचं म्हणजे गुन्हाच. म्हणून मी माझीच नोंद भरली. मल्हारी दशरथ खैरनार. जन्मतारीख खरी. शिक्षण खरं. व्यवसाय: निवृत्त. फोटो: नाही. उंची पाच फूट चार इंच. इथे पाऊण इंच वाढवण्याचा मोह झाला होता, तो आवरला. उरला अपेक्षा हा रकाना. त्यात लांब मराठी वाक्य मावतं का, हे पाहायचं होतं. म्हणून मी मनात येईल ते लिहीत गेलो.

रकाना चाळीस अक्षरांचा होता, काना-मात्रा-वेलांट्या धरून. तो मीच ठरवला होता आणि मीच विसरलो होतो. त्याच्या पुढचा रकाना फक्त आकडे घेणारा होता, त्यामुळे चाळिसाव्या अक्षरानंतर मी जे जे लिहिलं ते यंत्र टुंग टुंग करत नाकारत गेलं. टाइप करताना मी पडद्याकडे पाहत नाही, बोटांकडे पाहतो. ती टुंगटुंग मला प्रोत्साहनासारखी वाटली. वाक्य चांगलं लांबलचक झालं असावं. मान वर केली तेव्हा पडद्यावर एवढंच होतं: 'स्वभावाने फार बोलकी नसली तरीही चालेल, पण'

नोंद मी पुसली. हे मी मंडळाच्या समितीपुढेही सांगितलं आहे. पण फॉक्सप्रोमध्ये पुसलेलं पुसलं जात नाही. त्यावर नुसती खूण होते, जसा वाचून झालेला पेपर आपण रद्दीत टाकतो, पण रद्दीवाला येईपर्यंत तो घरातच असतो. रद्दीवाल्याला बोलवायची एक वेगळी आज्ञा असते. ती मी देणार, तोच वीज गेली. वीज गेली म्हणून राहिलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. वीज थोड्या वेळाने आली होती, पण तेव्हा मी चहा करत होतो.

पुस्तिका छापखान्यातून थेट मेळाव्याच्या मंगल कार्यालयात आली. मी व्यासपीठाच्या बाजूला कॉम्प्युटर घेऊन बसलो होतो. त्याचं तिथे काहीच काम नव्हतं, पण पाहुण्यांना दिसावा अशी अप्पांची इच्छा होती. त्याला हारही घातला होता. अप्पांनी माइक हातात घेतला, पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं आणि खड्या आवाजात वाचलं, "वर क्रमांक एक. चिरंजीव मल्हारी दशरथ खैरनार. वय बासष्ट."

सभागृह इतकं शांत झालं की हाराच्या पाकळ्या की-बोर्डवर पडलेल्या ऐकू आल्या. थोरले आधी, ही ओळ माझीच होती. मी उठलो. खुलासा करावा एवढाच हेतू होता. माझी चाल पाहून कुणीतरी म्हणालं, "हे वडील असतील. नवरदेव मागे असंल." लोक माझ्या मागे पाहू लागले. मीही पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

माइक माझ्या तोंडाशी आला. आयुष्यात मी माइकवर 'वाचनालय बंद होण्याची वेळ झाली आहे' याखेरीज काही बोललेलो नाही. मी म्हणालो, "ते मीच. पण मी फक्त चाचणीसाठी आहे."

पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "या वयात कसली चाचणी घेतोय गं हा?" पुढचं हसण्यात बुडालं. अप्पांनी माइक काढून घेऊन प्रसंग सावरला, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे सावरला. "नानांनी स्वतःचं नाव देऊन समाजापुढं आदर्श ठेवलाय," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी परत येऊन कॉम्प्युटरच्या हाराआड बसलो.

संध्याकाळी आशाचा फोन आला. पुण्यात तिच्या सासूबाईंकडे ही बातमी मी घरी पोचण्याआधी पोचली होती.

"बाबा, तुम्ही स्थळं बघताय?"

मी तिला खूण, रद्दीवाला, वीज, सगळं समजावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं. पण बाबा, नोंद भरताना 'फोटो नाही' असं का लिहिलंत? माझ्या लग्नातला चांगला आलाय की." मी म्हटलं, "आशा, ती चाचणी होती." ती म्हणाली, "हो, तेच." आणि फोन ठेवला. मुलीच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

यानंतर ते पत्र आलं. मंडळाच्या नियमाप्रमाणे वरांना आलेली पत्रं मंडळाच्या पत्त्यावर येतात आणि अध्यक्ष ती उघडतात. त्यामुळे पत्र माझ्या हातात पडण्याआधी अप्पा, खजिनदार, दुकानातला मुनीम आणि फरश्या बघायला आलेलं एक जोडपं, एवढ्यांनी ते वाचलेलं होतं.

ते सिंधू देवरे यांचं होतं. सुरगाण्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून गेल्या आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिल्या. लिहिलं होतं:

'भाचीसाठी पुस्तिका चाळत होते. नाशिकहून येताना ती जीपच्या टपावर ठेवली होती, म्हणून मागची पानं वाऱ्याने नेली. पहिलं पान तेवढं शाबूत होतं. त्यावर आपणच होता. आपल्याबद्दल मला काही विचारायचं नाही. पण सगळा जन्म मुलांची वाक्यं पुरी करून घेण्यात गेला. दिवाळीनंतर आईबापांबरोबर द्राक्षांच्या कामाला जाणारी मुलं होळीला परत यायची, आणि वहीत वाक्य जिथे सोडलं तिथूनच पुढे लिहायची. अपुरं वाक्य मला सोडवत नाही. आपल्या अपेक्षेत 'पण'च्या पुढे काय होतं? मंडळाने कापलं, की आपणच थांबलात? उत्तराची घाई नाही.'

मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. बाईंनी मागणी घातली नव्हती, थट्टा केली नव्हती. साधा प्रश्न विचारला होता. त्या वाक्याच्या पुढे काय लिहिलं होतं, ते मला आठवत नव्हतं. मी सगळ्या फ्लॉप्या तपासल्या. ललित सरांना विचारलं, यंत्र नाकारलेली अक्षरं कुठे ठेवतं? ते म्हणाले, "कुठेच नाही, काका. जे घेतलंच नाही ते ठेवणार कुठून?" एवढा साधा विचार मला सुचला नव्हता, याचं वाईट वाटलं.

उत्तर काय द्यावं याबद्दल मात्र इंदिरानगरमध्ये कुणाला शंका नव्हती. अप्पा म्हणाले, "नाना, हे जमलं तर आपल्या कॉम्प्युटरनं जमवलेलं पहिलं स्थळ. पुढच्या पुस्तिकेला 'यशस्वी' म्हणून एक रकाना टाका. बारीक काम हाय." खजिनदारांनी निरोप पाठवला, की 'पण'च्या पुढे 'गृहकृत्यदक्ष असावी' लिहा, ते कुठेही चालतं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सुचवलं, मंगळ नसावा. भाजीवाली भागुबाई म्हणाली, "लिहा, की मेथी निवडता यावी. तुम्हाला नाय येत, मी बघते ना रोज." माझ्या नावाने निघालेली अपेक्षा आता सार्वजनिक झाली होती आणि प्रत्येक जण तीत भर घालत होता.

मी पहिला मसुदा कॉम्प्युटरवर लिहिला. छापला तेव्हा मराठी अक्षरांचा संच काही कारणाने रुसला आणि कागदावर प्रश्नचिन्हं, टक्क्याच्या खुणा आणि तारे उमटले. ते पाठवलं असतं तरी माझ्या मनाची स्थिती त्यांना बरोबर कळली असती. मग हाताने लिहिला. लताबाई मिक्सरचा नवा आवाज ऐकवायला आल्या होत्या, त्यांनी तो टेबलावरून उचलून वाचला.

"'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की अपेक्षा या रकान्याची लांबी चाळीस अक्षरे असून...' नाना, हे पत्र आहे की पाणीपट्टीची नोटीस?"

"सगळं खरं लिहिलंय."

"खरं आहे. पण बाईंनी लांबी विचारली नाही."

मी तो मसुदा फाडला. पत्र फ्लॉप्यांच्या डबीखाली गेलं ते तेव्हा. घाई नाही असं त्यांनीच लिहिलं होतं, हा माझा आधार. पण रोज टपालवाला आला की मी दाराआड उभा राहायचो. आठवणीचं पत्र आलं तर? आणि आलं नाही तर? ग्रंथालयात मी दुसऱ्यांना स्मरणपत्रं पाठवायचो तेव्हा त्यांचं काय होत असेल याचा विचार कधी केला नव्हता. पुस्तक न नेलेली ती सगळी माणसं मला आठवू लागली.

मग एका दुपारी मी एक जुनं विनोदी पुस्तक वाचत होतो. त्यात एक गृहस्थ वरातीच्या घोड्याशी वाद घालतात असा प्रसंग आहे. मला एकदम मोठ्याने हसू आलं, आणि मी सवयीने मान वर करून स्वयंपाकघराकडे पाहिलं. पूर्वी अशा वेळी तिथून पत्नीचा आवाज यायचा, "एकटेच काय हसताय? मलाही वाचून दाखवा." मी वाचून दाखवायचो. ती पोळी लाटता लाटता हसायची, कधी माझ्या आधीच.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पुस्तक हातात तसंच राहिलं. त्या दिवशी यंत्र टुंग टुंग करत काय नाकारत होतं, ते आठवलं असं मी म्हणणार नाही. पण काय असू शकेल, ते कळलं.

मी लगेच कागद घेतला, कारण थांबलो असतो तर मला शंका आल्या असत्या. लिहिलं:

'सिंधूताई, मंडळाने कापलं नाही. रकाना मीच लहान केला होता. तेव्हा नेमकं काय लिहिलं होतं हे आठवत नाही. आज लिहायचं तर असं लिहीन. स्वभावाने फार बोलकी नसली तरीही चालेल, पण पुस्तकात हसू येण्यासारखं काही आलं, तर ते मोठ्याने वाचून दाखवायला समोर कुणीतरी असावं. वाक्य पुरं झालं का, ते कळवावं.'

शेवटची ओळ लिहून मी घाबरलो. ती खोडावी तर कागद खराब होतो, आणि फाडावा तर पुन्हा लिहिण्याचं धैर्य उरेल याची खात्री नव्हती. पाकीट बंद केलं. डिंक नीट लागला नाही असं वाटून पुन्हा लावला. पत्ता वाचून पाहिला. सुरगाणा बरोबर होतं, पण खैरनार हे माझंच आडनाव मला चुकल्यासारखं दिसू लागलं.

पत्रपेटी कोपऱ्यावर, क्लासच्या समोर आहे. बाजूला भागुबाईची गाडी होती आणि तिथे लताबाई मेथीची जुडी निवडून घेत होत्या. त्यांनी मला पाहिलं, हातातलं पाकीट पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्या जुडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. ते जास्त वाईट होतं.

मी पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं. ते अर्धं आत गेलं, अर्धं बाहेर राहिलं. माझी दोन बोटं त्याला धरून होती. तिकीट पुरेसं आहे का? 'ताई' लिहायला नको होतं का? टपाल निघून गेलं असलं तर? रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग एक सायकल गेली, क्लासमधली मुलं बाहेर येऊन पुन्हा आत गेली.

"नाना," मागून लताबाई हळूच म्हणाल्या, "मेथी सुकतेय माझी."

मी बोटं सोडली.